नळीतलं मीठ

अंबरनाथबद्दल कुणी बोलायला उभं राहिलं की पहिलं वाक्य शिवमंदिराचं असतं. ते योग्यच आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख ज्या गावात आहे, त्या गावानं तो मिरवायलाच हवा. पण ते मंदिर रुळांच्या पूर्वेला, वालधुनीच्या काठी. माझं आयुष्य गेलं पश्चिमेला. आमच्या बाजूला कोरीव दगड नव्हते, भोंगे होते. एक भोंगा विम्कोचा, म्हणजे काड्यापेट्यांच्या कारखान्याचा. दुसरा ऑर्डनन्सचा. घरात घड्याळ एकच होतं आणि तेही मागे पडायचं, त्यामुळे अम्मी चहाचं आधण ठेवायची ती भोंग्यावर आणि आम्ही शाळेला निघायचो तेही भोंग्यावर.

स्वीडनच्या इवार क्रूगर यांच्या स्वीडिश मॅच कंपनीनं १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून ‘विम्को’ झालं. आता तिथं काड्या बनत नाहीत, पण रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. ऑर्डनन्स फॅक्टरी आणि तिच्या शेजारचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना, हे दोन्ही स्वातंत्र्यानंतरचे, १९५० च्या दशकातले. २०२१ साली देशभरच्या आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि आमच्या ऑर्डनन्सच्या फाटकावरचं नावही बदललं. माझे अब्बा ऑर्डनन्समध्ये, पितळेच्या खात्यात होते. तिथं पितळेच्या छोट्या वाट्या तयार होत. या वाट्या पुढं दुसऱ्या कारखान्यांत जात, तिथं दाबून-ताणून त्यांची काडतुसं होत. शेजारच्या खोलीतले काका विम्कोत. आम्ही पोरं म्हणायचो, एका भोंग्याखाली काडी आणि दुसऱ्या भोंग्याखाली काडतूस. शब्दांचा खेळ म्हणून मला तो फार आवडायचा. त्या दोघांचं डोकं खरोखरच एका मसाल्याचं असतं, हे कळायला मात्र पुष्कळ वर्षं जावी लागली. आजचं बोलणं त्या मसाल्याविषयी आहे. आणि माझ्या मामूंविषयी.

मामू बंदूकधारी शिपाई होते. कोणत्या दलात, ते सांगत नाही, कारण चूक त्या एकट्या दलाची नव्हती. १९६६ साली, पावसाळ्यात, माझ्या अम्मीचा निकाह ठरला होता. मामू तिचे थोरले भाऊ. साक्षीदार म्हणून त्यांचं नाव आधीच पक्कं झालं होतं आणि दहा दिवसांची रजाही मंजूर होती. रजेच्या आधी त्यांच्या तुकडीची वार्षिक चांदमारी झाली. हातात ‘थ्री नॉट थ्री’. भर पावसात प्रत्येकानं आपापल्या गोळ्या झाडल्या, चहा झाला, ट्रक आला, सगळे बराकीत परतले. मामूंनी रायफल साफ केली. दस्त्याच्या बुडाशी पितळी झाकणाखाली एक पोकळी असते. तिच्यात तेलाची बारकी बाटली आणि ‘फुलतरू’ ठेवलेला असतो. फुलतरू म्हणजे एका टोकाला पितळी वजन बांधलेली दोरी. मूळ शब्द ‘पुल-थ्रू’, पण शिपायांच्या जिभेवर तो कधीच फुलतरू झाला, आणि मला तोच जास्त गोड वाटतो. त्या दोरीच्या फासात चार इंच लांब, दोन इंच रुंद चिंदी अडकवायची आणि नळीतून ओढून काढायची. काळी चिंदी, मग करडी, मग पांढरी. शेवटी तेलाची चिंदी. मामूंनी हे सगळं केलं आणि रायफल कोतमध्ये जमा केली.

तिसऱ्या दिवशी तपासणी झाली. साहेबांनी चाप-खटका काढलेल्या रायफलीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरलं, म्हणजे त्यावरून उजेड आत परावर्तित होतो, आणि पुढच्या तोंडातून आत पाहिलं. नळी आरशासारखी चमकायला हवी. ती चमकत नव्हती. आत तांबूस छटा होती. गंज.

मामूंची रजा रद्द झाली. निकाह त्यांच्याशिवाय लागला. साक्षीदाराच्या जागी शेजारच्या एका भल्या माणसानं सही केली आणि निकाहनाम्यावर आजही त्याचंच नाव आहे. अम्मी बोलली काहीच नाही, पण ईदला मामू आले की ती त्यांच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा वाढायची आणि वाढताना तिचा चेहरा थोडा वेगळा व्हायचा. मामू ही हकीकत पुढं पुष्कळदा सांगत. प्रत्येक वेळी ती एकाच वाक्यावर थांबे, ‘साफ केली होती रे मी.’ ऐकणारे मान डोलवत. खरं सांगायचं तर, मीही मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, घाईत राहिली असेल. निकाहाची घाई होती.

तर आता तो मसाला.

काडतुसात चार गोष्टी असतात. पुढं गोळी, आत दारू, भोवती पितळेचं कवच आणि बुडाशी मध्यभागी एक इवलीशी धातूची टोपी. घोड्याचा दट्ट्या टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला पेट घेतो, त्याची ठिणगी दारूत जाते. दारू ही मोठी गोष्ट खरी, पण टोपीतली चिमूटभर पूड नसेल तर ती नुसती भुशासारखी पडून राहील.

ही चिमूट शोधायला माणसाला दोन शोध लागले. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजानं पाऱ्यापासून एक भयंकर चिडखोर पदार्थ बनवला, मर्क्युरी फल्मिनेट. जरा टोचलं की भडकणारा. त्याआधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये बर्थोले या रसायनशास्त्रज्ञानं पोटॅशियम क्लोरेट तयार केलं होतं. दिसायला पांढरं, साखरेसारखं. त्याच्या पोटात प्राणवायू ठासून भरलेला असतो आणि जळणाऱ्या कशालाही तो उदारपणे देऊन टाकतो. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानं आपटीनं पेटणाऱ्या चापाचं पेटंट घेतलं. सांगतात ते असं, की पाद्रीबुवांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता आणि गारगोटीच्या बंदुकीची ठिणगी दिसली की बदकं गोळी पोचायच्या आत उडून जात. बदकांनी त्रास दिला नसता तर जगाचा इतिहास कसा झाला असता, असा विचार कवीनं करू नये, पण मी करतो. १८२० च्या दशकात टोप्या रूढ झाल्या. त्यांच्यातल्या मसाल्याचे पुढं तीन घटक ठरून गेले: फल्मिनेट, क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड.

यातले शेवटचे दोन पुन्हा ऐका. क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड. जॉन वॉकर या इंग्रज औषधविक्रेत्यानं १८२६ च्या सुमारास घासून पेटणारी पहिली काडी केली, तिच्या गुलात हीच जोडी होती. आजही काड्यापेटीच्या काडीचं डोकं मुख्यतः पोटॅशियम क्लोरेटचंच असतं. लाल फॉस्फरस काडीवर नसतो, पेटीच्या कडेच्या पट्टीवर असतो. म्हणून तर ती ‘सुरक्षित’ काडी. आमच्या पश्चिमेचे दोन भोंगे हे असे एकमेकांचे नातेवाईक होते आणि ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

क्लोरेटनं आपला प्राणवायू देऊन टाकला की मागं काय उरतं? पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे मीठ. आपल्या स्वयंपाकाच्या मिठाचा सख्खा चुलतभाऊ. प्रत्येक गोळीगणिक हे मीठ धुरासारखं उडतं आणि नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांत, पोलादाच्या बारीक बारीक छिद्रांत जाऊन बसतं. बसतं आणि वाट बघतं. कशाची? पाण्याची. हवेतली आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं आणि विरघळून जातं. पोलाद, खारं पाणी आणि हवा एकत्र आली की पुढं काय होतं, हे कोकणात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. आमच्याकडच्या खिडक्यांचे गज बघावेत. जुलैमध्ये मिठाची बरणी उघडी राहिली की सकाळी तिचं काय होतं तेही बघावं. अगदी तेच मामूंच्या रायफलीच्या नळीत, कोतच्या अंधारात, दोन रात्री होत होतं.

पण तेल लावलं होतं ना? इथंच खरी मेख आहे. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. चिंदीनं काजळी निघते, चिंदी पांढरी येते, नळी चमकते, आणि मीठ मात्र छिद्रांत तसंच असतं. वरून तेल फिरवलं की ते मिठावर पांघरूण घातल्यासारखं होतं. आणि तेलाचा पातळ थर ओलाव्याला कायमचा अडवू शकत नाही. तो पांघरुणाखाली पोचतोच. म्हणजे जो शिपाई प्रामाणिकपणे चिंदी आणि तेल करून झोपला, त्याच्याही नळीत गंज. आळशी आणि कष्टाळू, दोघांचं फळ एकच.

आता इतिहासातली गंमत पाहा. जुन्या काळी, काळ्या दारूच्या दिवसांत, हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. टोप्यांत क्लोरेट तेव्हाही होतं. १८५३ च्या ज्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून पुढं सत्तावनचा वणवा पेटला, तीही टोपीचीच बंदूक. त्या काडतुसांच्या कागदाला लावलेल्या चरबीची गोष्ट शाळेत आपण सगळ्यांनी वाचली आहे. २४ एप्रिल १८५७ रोजी मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या नव्वदांपैकी ८५ जणांनी ती काडतुसं घेणं नाकारलं. गाय कुणाला वर्ज्य, डुक्कर कुणाला वर्ज्य, आणि एका काडतुसानं दोघांना एका रांगेत उभं केलं. बंदुकीच्या बाबतीत तेल-चरबी ही बारीकशी गोष्ट नसते, एवढंच तूर्त म्हणतो आणि मूळ मुद्द्यावर येतो. काळ्या दारूची काजळी इतकी दाट असे की पाण्याशिवाय नळी साफ होतच नसे. त्यामुळे शिपाई रोज पाण्यानं नळी धुवायचा. काजळीबरोबर मीठही निघून जायचं. मीठ आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत असण्याची गरजही नव्हती.

मग १८९० च्या दशकात बिनधुराची दारू आली. इंग्रजांची ती ‘कॉर्डाइट’, शेवयांसारख्या कांड्यांची. थ्री नॉट थ्री रायफलीनं ती स्वीकारली. कॉर्डाइट इतकी तप्त जळे की पहिल्या ली-मेटफर्ड रायफलींचे उथळ आटे लवकर झिजू लागले, म्हणून १८९५ साली खोल आट्यांची ली-एनफिल्ड आली, आणि हीच आपल्याकडे पाऊणशेहून अधिक वर्षं खांद्याखांद्यावर फिरली. नव्या दारूची काजळी अगदी थोडी. मग पाणी कशाला? लोखंडाला पाणी लावायचं नाही हे तर लोहाराचं पोरही सांगेल! तेलाची चिंदी पुरे. हळूहळू हातांनी पाणी सोडलं. एक जुनी सवय गेली आणि तिच्याबरोबर, कुणाच्या ध्यानात न येता, एक संरक्षण गेलं.

आणि गंज सुरू झाला. जगभरच्या सैन्यांत नळ्या साफ केल्यावर गंजू लागल्या. शहाण्या लोकांनी नाना तर्क लढवले. कुणी म्हणे नव्या दारूतून आम्ल सुटतं. कुणी म्हणे तापलेलं पोलाद धूर शोषून घेतं आणि मग दोन-तीन दिवस ‘घाम’ टाकतं, म्हणून तीन दिवस ओळीनं साफ करा. पोलादाला घाम! कवितेत चालेल. सैन्यात त्या घामापायी माणसांचा घाम निघाला. गंज सापडला की त्यावर निदान एकच ठरलेलं असे, शिपाई आळशी.

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेच्या खाण विभागातल्या विल्बर्ट हफ या संशोधकानं लावला. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचं नावच ‘तेलाच्या थराखालचा गंज’ अशा अर्थाचं आहे. आम्ल नाही, घाम नाही, दारूही नाही. दोष टोपीतल्या क्लोरेटचा, त्यातून उरणाऱ्या मिठाचा. उपायही साधा. पाणी. कसलं औषध नको, द्रावण नको. वीस अंश तापमानाच्या शंभर ग्रॅम पाण्यात ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळतं, उकळत्या पाण्यात ५६ ग्रॅम. नळीतलं मीठ तर कणभर असतं. उकळतं पाणी ओतावं ते एवढ्याच साठी की ते मीठ झटकन नेतं आणि नळी इतकी तापवतं की ती आपोआप कोरडी होते. मग कोरडी चिंदी, आणि मग तेल. ब्रिटिश लष्कराच्या नियमांतही उकळतं पाणी होतं. त्यासाठी नळीच्या मागच्या तोंडात बसणारं वाकड्या नळीचं नरसाळं असे आणि त्यातून काही शेर पाणी ओतायचं असा दंडक होता. म्हणजे गोष्ट ठाऊक नव्हती असं नाही. पण पावसात, उघड्या माळावर, लाकडं ओली असताना, ट्रकचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना, शंभर माणसांसाठी पाणी उकळायचं कुणी? नरसाळं कुठल्या तरी कपाटात राहिलं. नियमाच्या वहीतली ती ओळ वाचली गेली नाही. चिंदी आणि तेल तेवढं राहिलं, आणि शिक्षा राहिली.

मिठाशिवायची टोपी निघाली नव्हती असंही नाही. जर्मनीत आणि अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकारी आणि नेमबाजांसाठी क्लोरेटविरहित टोप्या बाजारात आल्या. त्यांत पुढं लेड स्टिफनेट नावाचा शिशाचा क्षार रूढ झाला. पण लष्करं कचरत होती. युद्धाचा साठा वीस-तीस वर्षं गोदामात पडून राहतो. त्यानंतरही टोपी पेटलीच पाहिजे. क्लोरेटची टोपी जुनी झाली तरी दगा देत नाही, हा अनेक पिढ्यांचा अनुभव होता. नव्याचा भरवसा कुणी द्यायचा? अमेरिकन लष्करानं दुसऱ्या महायुद्धात एका हलक्या कार्बाइनला मात्र सुरुवातीपासूनच नवी टोपी दिली, कारण तिचा धुरावर चालणारा दट्ट्या शिपायाला उघडून साफ करता येत नसे. बाकीच्या रायफलींसाठी १९५० च्या दशकापर्यंत जुनंच चाललं. रशियानं वेगळी वाट धरली. टोपी तीच ठेवली आणि कलाश्निकोव्हच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा दिला. दोष मिठाचा असेल तर पोलादालाच चिलखत घाला, असा तो हिशेब.

हे मीठ अजून जगात फिरतं आहे. पूर्व युरोपातल्या देशांनी शीतयुद्धाच्या काळात डबाबंद करून ठेवलेली कोट्यवधी काडतुसं पुढं शिलकी माल म्हणून अमेरिकेत, कॅनडात स्वस्तात विकली गेली. तिथले हौशी नेमबाज ती घेतात आणि मग गंजाशी झगडतात. त्यांच्यात एक समजूत आहे, की काच पुसायचं अमोनियाचं द्रावण नळीत मारलं की मीठ ‘मरतं’. मीठ मरतबिरत नाही. त्या द्रावणातलं पाणी ते धुऊन नेतं, एवढंच. अमोनियाचं तिथं काही काम नसतं. आपल्याकडे असा शिलकी बाजार नाही. लष्करी मापाची काडतुसं सामान्य परवानाधारकाला मिळतच नाहीत. म्हणून तर .३१५ चं वेगळं नागरी माप चाललं, त्याची काडतुसं १८६९ पासून सुरू असलेल्या आपल्या खडकीच्या कारखान्यात होतात. पण जुनी थ्री नॉट थ्री आपल्या पोलिसांच्या हातात फार काळ राहिली. नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर हीच रायफल उभी होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

अमोनियाचा विषय निघाला म्हणून अब्बांची एक गोष्ट सांगतो. बोलण्याच्या ओघातून थोडी बाजूला आहे, पण ती गाळली तर अब्बा रागावतील. टोपीच्या मिठानं नळी खाल्ली, तशी पितळेच्या कवचालाही हिंदुस्थानच्या पावसानं एक खोड लावली होती. इंग्रजांच्या काळात पलटणींची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठवली जात. पावसाळा संपला की पाहावं तर कवचांच्या मानेला उभ्या चिरा! न वापरता, न आपटता, जागच्या जागी तडकलेलं पितळ. ऋतूबरोबर येणारा तडा म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हटलं. १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी कारण दाखवून दिलं. पागेतल्या मुतातून हवेत येणारा अमोनिया, पावसाळी ओल, आणि थंड अवस्थेत दाबून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण. तिन्ही जमली की तडा. घोडे तर हलवता येत नव्हते, निदान पितळेतला ताण काढता येत होता. घडवून झालेल्या कवचाला मंद आच द्यायची. अब्बा याला ‘पितळेला निजवणं’ म्हणायचे. ‘पितळ दमलेलं असतं. निजवलं नाही तर ते एक दिवस चिडतं.’ ते बी.ए. नव्हते, सातवी होते. पण त्यांच्या तोंडून मी धातुशास्त्र शिकलो, आणि थोडी कविताही. घरी आम्ही भावंडं भांडलो तरी ते अम्मीला हेच म्हणायचे, निजव त्यांना.

मामूंना पाण्याची गोष्ट शेवटी कळली ती उल्हासनगरात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या मोठ्या छावण्या होत्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. म्हणून तिथले भाग अजूनही कॅम्प नंबर एक, दोन, तीन असे ओळखले जातात. तिथल्या एका कॅम्पात एक म्हातारे गृहस्थ शिलाई मशीन आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. ब्रह्मदेशच्या लढाईत ते एका पलटणीचे आर्मरर होते. अम्मीच्या मशीनचं चाक घेऊन मामू त्यांच्याकडे गेले होते, गोष्टी निघाल्या आणि मामूंनी आपलं ते वाक्य ऐकवलं. म्हातारा हसला नाही. म्हणाला, ‘तेल नंतर. आधी पाणी. उकळतं. आम्ही तिकडे मग भरून ओतायचो.’ मामूंनी घरी येऊन सांगितलं, पण पाण्यानं गंज जातो ही गोष्ट आम्हाला कुणालाच पटली नाही. मामूंनाही पुरती पटली नसावी.

मला ती पटली फार उशिरा, वाचता वाचता हफचं काम समोर आलं तेव्हा. वाचून झाल्यावर मी एक पोरकटपणा केला. जुलैचे दिवस होते. दाढीची दोन नवी ब्लेडं घेतली. काड्यापेटीतल्या दहा-दहा काड्या प्रत्येक ब्लेडच्या अगदी जवळ पेटवल्या आणि जळक्या गुलांची राख त्यांच्यावर चोळली. एक ब्लेड कापडानं पुसपुसून लखलखीत केलं आणि त्याला शिलाई मशीनचं तेल लावलं. दुसऱ्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओतलं, कोरडं केलं, मग तेच तेल. दोन्ही खिडकीत ठेवली. बायकोनं विचारलं, हे काय चाललंय. म्हटलं, एका माणसाचा खटला चाललाय. तिसऱ्या सकाळी धुतलेलं ब्लेड होतं तसं होतं. पुसलेल्या ब्लेडवर, तेलाखाली, तांबूस ठिपके उमटले होते.

दोन्ही ब्लेडं एका काड्यापेटीत घालून मी मामूंकडे गेलो. ते तेव्हा ऐंशीच्या आसपास होते, नजर कमी झाली होती. ब्लेडं हातात देण्याऐवजी मी त्यांना खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. हफ, क्लोरेट, मीठ, सगळं सांगितलं. १९२२ सालीच हे छापून आलं होतं, तुमच्या त्या तपासणीच्या चव्वेचाळीस वर्षं आधी, हेही सांगितलं. मला वाटलं, ते आनंदतील. चिडतील तरी.

ते बराच वेळ ठिपक्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘साहेबाला ठाऊक होतं?’

‘नसावं, मामू. तुम्हाला सांगितलं असतं ना त्यांनी.’

‘कोत हवालदाराला?’

‘त्यालाही नसावं.’

‘नुसतं पाणी?’

‘नुसतं पाणी. उकळतं.’

त्यांनी ब्लेडं पुन्हा काड्यापेटीत घातली, पेटी बंद केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘त्या दिवशी चहाचं पातेलं चुलीवर होतं रे. मोठं. माझ्यापासून वीस पावलांवर.’